बायकोच्या शब्दाला बा अडला नाही

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली अन् मी आज तुला लिहून राहिले. म्हणजे मी बोलते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही, तेव्हा मी सांगते तेच ती लिहिते का, याचा काय भरवसा? दोनदा वाचून घेते. ही पोरगी मोबाइलवर पोलंडची भाषा शिकते. काल वैतागली, "आजी, ह्यांच्या प्रत्येक नावाचं शेपूट बदलतं! कोणाचं, कोणाला, कोणासंगं, दरवेळी नवं." मी म्हटलं, "आपल्यात न्हाई का? घर, घराला, घरात. त्यात रडायचं काय?" तिला काय ठाऊक, हे मला तू चुलीपाशी शिकवलंस.

लढाईत घरंदारं गेलेल्या पोलंडच्या लोकांची छावणी होती कोल्हापूरकडं. तिथं तू पावाच्या भट्टीवर कामाला. सुट्टीत घरी, सेनगावला आलायस, माय भाकरी थापतेय. तू भाकर उचलून मला सांगतोस, "ही ख्लेब. भाकरीचं म्हणलं की ख्लेबा. भाकरीसंगं..." अन् अडतोस. माय तव्यावरची नजर न काढता विचारते, "अन् बायकोला काय म्हणतेत?"

"झोना. बायकोला, झोन्ये. बायकोसंगं, झोनोन." एका दमात!

मायचा हात थांबला. "रोज भाजता त्या भाकरीला अडता. मंग बायको एवढी बराबर कोणी घोकून घेतली?"

"अगं, भट्टीवरची म्हातारी रोज तुझंच इचारती."

"म्हातारीच काहून? तरणी एकबी न्हाई तिथं?"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तू मला समजावलंस. म्हातारीला आपली भाषा येईना, तुला तिची. मग ती रोज बायकोचं विचारायची अन् तू रोज सांगायचास, बायकोला कापणीला आलेली तूर सोंगायची आहे, बायकोसंगं भांडून आलो. तेवढेच शब्द जिभेवर बसले. "मायला नीट सांग, पोरी, तुझं ऐकती ती." मायनं तुझं बोचकं लपवलं, तू परत गेला नाहीस, अन् मरेपर्यंत तिनं तुला टोचलं, "काहो, तुमची झोना बरी हाय ना?" तू नुसता हसायचास.

बा, मी मायला नीट सांगितलं नाही. म्हटलं, "बा म्हणला, भट्टीवर एक तरणीबी हाय." तू परत जाऊ नयेस म्हणून. नातीचा हात थांबलाय. लिही म्हटलं, जसंच्या तसं. पण हा कागद धाडायचा नाही. तिथं वर तुझ्याजवळ माय आहे. तुझ्या हाती पडायच्या आधी कोणाकडून तरी वाचून घेईल.