कवेतली कोरी जागा

२ जून
लागली एकदाची नोकरी. संग्रहालयात, जुन्या रेखाचित्रांच्या खोलीत, तेही खिडकीपाशी टेबल. पहिलंच काम भारी: काही शतकांपूर्वीचं, तांबड्या खडूतलं चित्र. गुडघे टेकलेली बाई, मान वर, डावा हात कुणाला कवेत घेतल्यासारखा. कवेत मात्र कोरा कागद. ही कोण, काय करतेय, ते मी लिहायचं. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, आधीच्यांनी हात टेकले. नवरा म्हणतो, नव्याचे नऊ दिवस. म्हणू दे.

५ जून
सापडली! ग्रीक पुराणकथेतली राणी. आपल्याला पोरं जास्त म्हणून देवीला हिणवलं, तर देवांनी एकेक करून सगळी मारली. शेवटची लेक पोटाशी धरून विनवलं, तरी सोडली नाही. भिंगाखाली कोऱ्या जागेत पुसट खुणा दिसतात. तिथे मूल होतं. पावाच्या लगद्याने पुसलंय. त्या काळी खोडरबर कुठलं. चित्रकाराला आवडलं नसावं.

८ जून
आमच्या कामात चित्रातला देह कळेना की तीच पोझ स्वतः घेऊन बघतात. आज लेकीला सुट्टी, म्हणून सोबत आणलं. घरात तिला भिंगरी म्हणतो. एका जागी टिकेल तर शपथ. गुडघे टेकले, मान वर केली, तिला कवेत घेतलं. अगदी चपखल बसली, हललीसुद्धा नाही. मला कोण आनंद. बाईंना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. एकटीने करायचं होतं, म्हणाल्या. का, ते सांगेनात.

९ जून
भिंगरीच्या पायांना तांबडी भुकटी. धुतली की कातडी फिकी पडते. डॉक्टर म्हणतात, रक्त कमी आहे. चित्रात कोऱ्या जागी दोन छोट्या टाचा आल्यात. काल नव्हत्या.

११ जून
आता पोटऱ्याही. तिला उभं राहवत नाही. मला भीती वाटते, फार. दुपारी पाव मळला आणि चित्रातली उजवी टाच पुसली. वाटलं, परत मिळेल. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. रडत होता. तिची टाच —
मी पुसली. मीच.

१२ जून
बाई आज बोलल्या. माझ्या आधी या टेबलावर होती तिलाही मुलगा होता. कोरी जागा चित्रकाराने केलेली नव्हे, तिने पुसलेली.
पुसलं तर जाते. नाही पुसलं तर —

१३ जून
बाईंचा फोन होता, चित्रात खांद्यापर्यंत आली. घरीच आहे, तिला धरून. डाव्या हातात ती, उजव्याने लिहितेय. आई, घट्ट धर, म्हणते. धरलंय. पण वजनच लागत नाही. खाली बघवत नाही. आवाज अजून येतोय, अगदी बारीक — धरलंय गं, सोडलेलं नाही — हाताला नुसता फ्रॉक