अठ्ठावन्न नसलेले मासे

३ जून, सकाळी ९.४०
कोल्ड रूम. चौदा वर्षं इथे चार डिग्रीत उभा राहून, काचेच्या कॉलममधून गाळत, एकच प्रोटीन शुद्ध करतोय. वजन अठ्ठावन्न किलोडाल्टन, म्हणून सगळे त्याला अठ्ठावन्न म्हणतात. अलीकडे मलाही म्हणतात. माझं वय चव्वेचाळीस आहे.
ते शरीरात काय काम करतं, ते अजून कळलेलं नाही. आता कळणार. माशाच्या गर्भात ते हृदयाच्या पेशींत सापडलंय. म्हणजे हृदय तेच घडवतं. सरळ आहे.

५ जून
संकल्प: बायोकेमिस्ट्री बंद. यापुढे डेव्हलपमेंटल बायोलॉजी. माशावाल्या बाईंकडे (आमच्याच मजल्यावर, वीस वर्षं माशांचे गर्भ बघतायत) जाऊन आलो. जेवत होत्या. परत फिरलो. पण सुरुवात झाली.

९ जून
बायकोला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी विभागाचं प्रमुखपद मिळालं. एक ऑक्टोबरला हजर व्हायचंय. तू येणार ना, म्हणाली. म्हटलं, अर्थात. सप्टेंबरपर्यंत पेपर हातावेगळा होतो. कुठल्या सप्टेंबरपर्यंत, असं तिने विचारलं. खुशीत असली की ती असे विनोद करते.

१८ जून
बाईंना योजना सांगितली. माशाच्या अंड्यातून अठ्ठावन्नचा जीन काढून टाकायचा. हृदय बनणार नाही. मासे मरतील. पेपर होईल. त्या म्हणाल्या, आणि नाही मेले तर? अनुभवाने माणूस घाबरट होतो.

२ जुलै, सकाळी ८.०५
माशांनी अंडी दिली. सुईने टोचायला बसलो. दोनशे फोडली. हात किंचित थरथरतो. आजपासून कॉफी बंद.
११.३०. कॉफी घेतली.

२१ जुलै
टोचायचं काम शेवटी बाईंनीच केलं. ऐंशी अंडी, वीस मिनिटांत. मी नोंदी ठेवल्या. खरं किचकट काम तेच.

२३ जुलै
दोन दिवसांचे गर्भ. काचेसारखे आरपार. ऐंशीच्या ऐंशी हृदयं धडधडतायत. जीन निघालेला नसणार.

३१ जुलै
तपासलं. निघालाय. बाई म्हणाल्या, सर, अठ्ठावन्न नसलं तरी यांचं काही अडत नाहीये. एरवी त्या मला नुसतं अरे म्हणतात. आज सर म्हणाल्या. लक्षण चांगलं नाही.

१९ ऑगस्ट
मासे वरवर ठीक दिसतात, आतून नसणार. पाण्याची जोरात धार सोडून पोहायला लावलं. एका बाजूला साधे मासे, दुसऱ्या बाजूला अठ्ठावन्न नसलेले. अठ्ठावन्न नसलेले किंचित पुढे. पाण्यात दोष असावा.

२ सप्टेंबर
मुलीने (सहावीत आहे) विचारलं, बाबा, मग तुझं प्रोटीन करतं काय? आकृत्या काढून अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, म्हणजे काहीच नाही. तिला झोपायला पाठवलं. दुपारचे चार वाजले होते.

१२ सप्टेंबर
राजीनामा खिशात घालून डायरेक्टरांकडे गेलो. आज बोलून मोकळं व्हायचं, असं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, काय चाललंय. मासे सांगितले. ते खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, उत्क्रांतीने इतकं जपून ठेवलेलं प्रोटीन, आणि नसलं तरी चालतं? का चालतं, ते शोधा. तीन वर्षांचं प्रोजेक्ट देतो.
चौदा वर्षांत प्रथमच कोणी खुर्चीत पुढे सरकलं. हो म्हणालो. पत्र खिशातच राहिलं.

१४ सप्टेंबर
बायकोला सांगितलं, फक्त तीन वर्षं. ती कपाट आवरत होती. माझे शर्ट वेगळे काढले, घड्या केल्या, परत आत ठेवले. म्हणाली, कधी संपणार असं दर वर्षी विचारायचे, कारण उत्तर बदलेल असं वाटायचं. रागावली नाही. रागावली असती तर समजूत काढली असती. त्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

२८ सप्टेंबर, सकाळी ७.१५
दोघी गेल्या. टॅक्सीत मागे एक जागा होती. ड्रायव्हरने विचारलं, साहेब येतायत का? बायकोने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, नऊला कॉलम लावायचाय.
८.१०. कॉलम अकरालाही चालला असता.

४ ऑक्टोबर
फोन केला. नवं घर लागलंय. बायको कामावर गेली होती, मुलीने उचलला. कधी येणार, म्हणाली. प्रोजेक्ट संपलं की लगेच, म्हटलं. तिने पुटपुटत वर्षं मोजली. मग म्हणाली, तेव्हा मी नववीत असेन.
वहीवर आकडेमोड करून पाहिली. बरोबर आहे.