राहिलेले सहा अध्याय

तुळजापूर,
अक्षय्य तृतीया

प्रिय महानंदाबाई,

वरच्या ओळीतला पहिला शब्द लिहायला मला वीस मिनिटं लागली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी जे काही लिहिलं, ते 'सविनय सादर'नं सुरू झालं आणि 'माहितीस्तव'नं संपलं. त्याआधी पाठशाळेत आठ वर्षं संस्कृत घोकलं, तिथं 'प्रिय' हा शब्द तिन्ही लिंगांत आणि साती विभक्त्यांत चालवला. पण तो कुणाला उद्देशून कागदावर ठेवायचा प्रसंग आला नव्हता. माझी लेक अर्पिता, लातूरला नर्स आहे ती, सुट्टीवर आली आहे. तिनं खांद्यावरून डोकावून विचारलं, "बाबा, पत्र लिहिताय का पंचनामा?" मी म्हटलं, अजून ठरत नाही. ती म्हणाली, "मग पंचांशिवायच लिहा," आणि आत निघून गेली. तिची आई गेल्यापासून नऊ वर्षं या घरात मला टोमणे मारायचं काम ती एकटीच करते, आणि अलीकडं ती त्याला कंटाळली आहे असं दिसतं.

परवा निकाल लागला हे शिवांजलीनं तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. फटाका कारखान्याच्या मालकाला दहा वर्षं सक्तमजुरी. मी त्या वेळी इथं देवळाच्या दर्शनरांगेत बंदोबस्ताला होतो आणि सोलापूरहून आलेल्या एका आजोबांची डाव्या पायाची चप्पल शोधत होतो. फोन आला, ऐकला, आणि आजोबांना माझीच चप्पल देऊन टाकली. त्यांना ती दोन बोटं मोठी झाली, पण त्यांनी तक्रार केली नाही. मीही अनवाणी घरी आलो. फरशी तापलेली होती, एवढं आठवतं.

हात वळणावर जातो, म्हणून आधी स्थळ, वेळ आणि घटना लिहून टाकतो. तुम्हाला पाठ असलं तरी मला त्याशिवाय पुढं सरकता येत नाही. नवरा वारल्यावर तेरखेड्याच्या त्या शेडमध्ये तुम्ही अकरा वर्षं सुतळी बाँब गुंडाळत होतात. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी तुम्ही हापशावर पाणी प्यायला बाहेर आलात, आणि मालक मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालून किल्ली खिशात टाकताना तुम्हाला दिसला. बायका लवकर घरी पळतात, म्हणून. पाव तासात शेड उडाली. चौघीजणी त्या दाराशी सापडल्या. मालक म्हणाला, दार उघडंच होतं. ते कुलूप डोळ्यांनी पाहिलेलं जिवंत माणूस एकच उरलं. मग कोर्टाची तारीख जवळ आली की तुमच्या भिंतीशी एक बाँब फुटायला लागला. शेजारीपाजारी म्हणाले, "तेरखेड्यात फटाका वाजला तर त्यात नवल काय?" धमकी द्यावी तर अशी, गावाच्या धंद्यातच मिसळून गेलेली. तुम्ही मात्र अर्ज दिलात, अर्ज मंजूर झाला, आणि तुम्हाला सास्तूरला लक्ष्मीमावशींच्या घरी हलवून साध्या वेशात दोन माणसं तुमच्या दिमतीला दिली. एक शिवांजली, वय पंचवीस, कराटेचा पट्टा काळा. दुसरा मी, वय एक्कावन्न, केस तेवढे काळे, तेही रंगवलेले.

पहिल्याच दिवशी मावशींनी मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "ह्येला गावात काय म्हनून सांगायचं? दीर म्हनावं तर त्वांड जुळत न्हाय." बोलता बोलता मी सांगून गेलो की सास्तूर मला नवीन नाही. भूकंप झाला तेव्हा मी अठरा वर्षांचा, तुळजापूरच्या पाठशाळेत. गुरुजींनी आम्हा पोरांना ट्रकमध्ये बसवून इथं आणलं. एकेका चितेवर दहा दहा माणसं, आणि आम्ही मंत्र म्हणत फिरत होतो. शेजारीच एक हवालदार फावडं मोडलं म्हणून हातांनी माती उकरत होता. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला, आणि त्यानं एक मूल जिवंत बाहेर काढलं. त्या दिवशी मी माझा धंदा बदलायचं ठरवलं. हे मी कुणाला सांगत नाही. मावशींना का सांगितलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग पुराणिकच म्हनू की. अर्धा तर खराच हाय." झालं. पोलीस दलातला सहायक फौजदार आषाढातल्या दुपारी चौरंगापुढं बसला आणि पोथी वाचू लागला.

बंदोबस्ताची याहून चांगली युक्ती आमच्या कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. रोज दुपारी अंगणात गावातल्या वीसपंचवीस बाया. परका माणूस गल्लीच्या तोंडाशी आला तरी त्याचं आजोळ कोणतं इथवर चौकशी व्हायची. अडचण एकच होती: पोथीचे अध्याय सत्तावीस, आणि तुमच्या साक्षीची तारीख काही केल्या लागत नव्हती. म्हणून मी रोज दहाच ओव्या वाचायचो आणि उरलेला वेळ निरूपणात घालवायचो. एकदा 'जल' या एका शब्दावर पाऊण तास बोललो. तुम्ही कोपऱ्यात बसून वाती वळत होतात. अकरा वर्षांची चंदेरी पूड तुमच्या नखांच्या कडांत तेव्हाही चमकायची. त्या दिवशी सगळ्या उठून गेल्यावर तुम्ही म्हणालात, "महाराज, पानी प्याला द्यायचं म्हंजी तुमी आधी हीर खांदता." मी गंभीर चेहऱ्यानं उत्तर दिलं की हे तपासाच्या हिताचं आहे. श्रावण संपेपर्यंत ते खरंही होतं. भाद्रपदात मी दहाच्या आठ ओव्या केल्या, तेव्हा तपासाचं हित तेवढंच राहिलं होतं. वाढलं होतं ते दुसरंच काही. हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

आता त्या दुपारबद्दल. अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते. मी कथेतल्या राणीचा रुसवा रंगवून सांगत होतो आणि तुम्ही तोंडाला पदर लावून हसत होतात. पहिला बाँब कडब्याच्या गंजीत फुटला. बाया किंचाळत पांगल्या. मी तुम्हाला चौरंगाआड ढकललं आणि पोथीच्या फडक्याखालचं पिस्तूल काढून गल्लीत धावलो, पण बाँब टाकणारी मोटारसायकल तोवर गेलेली होती. गंज वरून ओली नि आतून कोरडी. धूर सगळा आमच्या डोळ्यांत आणि जाळ माझ्या बाहीत. तो तुम्ही घोंगडं टाकून विझवलात. दुसरा बाँब न्हाणीच्या पाण्यात पडून न फुटता राहिला होता. मी ओरडत होतो, हात लावू नका, आणि तुम्ही तो सरळ उचलून लिंबासारखा फिरवून पाहिलात. "भिजलेला हाय, साहेब," तुम्ही म्हणालात. "भिजलेला बाँब आन् रिटायर हुनारा फौजदार, दोगंबी फुटत न्हाईत." माझ्या निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत हे सांगण्याची ती वेळ नव्हती. मग तुमचं हसू गेलं. सुतळीचा पीळ तुम्ही अंगठ्यानं चाचपलात आणि हळूच म्हणालात, "ह्यो डावऱ्या हातानं गुंडाळलाय. ह्यो आमचा बलभीम हाय." अकरा वर्षं तुमच्या शेजारच्या पाटावर बसलेला माणूस. संध्याकाळी त्याला आणला तेव्हा तुम्ही मला एकच गोष्ट बजावलीत: "त्येला मारू नका. त्येला लेकरं हैत, आन् मालकानं त्येला आमच्यापरास जास्त भेवडावलंय." मी मारलं नाही. फक्त तुमचं हे वाक्य त्याला जसंच्या तसं ऐकवलं. तो रडला, आणि कुणी पाठवलं ते सगळं बोलला. मालकाचा जामीन त्यातून रद्द झाला. (पुराव्यावर साक्षीदाराच्याच बोटांचे ठसे का, याचा खुलासा लिहिताना मात्र माझी अडीच पानं खर्ची पडली.) गावाची तर करमणूकच झाली. दुसऱ्या दिवशी बाया दारातूनच विचारत होत्या, "महाराज, आज पोथी हाय का पिस्तूल?"

तुम्ही माझ्या भाजलेल्या हाताला कोरफड लावत होतात तेव्हा शिवांजली मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, ती गाडी बाँब टाकायच्या आधी दोनदा गल्लीतून गेली. मी तुम्हाला खूण केली. तुम्ही बघितलंच नाही." तिनं अहवालात ते लिहिलं नाही, मी लिहायला सांगितलं तरी लिहिलं नाही. महानंदाबाई, रखवालदारानं बांधाकडं बघायचं असतं, पिकाकडं नाही. मी त्या क्षणी बांधाकडं बघत नव्हतो. तुम्ही हसत होतात, तिकडं बघत होतो. तो बाँब चार हात अलीकडं पडला असता तर आज ही कबुली लिहायला मी असलो असतो आणि वाचायला तुम्ही नसतात. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण हाताची आग नव्हती.

दुसरी गोष्ट सरकारी वकिलांनी सांगितली, तीही सहज, चहा पिता पिता. म्हणाले, समोरच्या वकिलाला कुलूप खोटं ठरवता येणार नाही, म्हणून तो बाईंना खोटं ठरवणार. संरक्षणाला दिलेल्या फौजदाराशी तुमचा काय संबंध, हे विचारणार. बाई शपथेवर काय सांगतात ते महत्त्वाचं. तेव्हा मला कळलं की तुमच्या त्या उत्तरावर चार बायकांचा न्याय टांगलेला आहे, आणि ते उत्तर खरं राहील की नाही हे माझ्या हातात आहे. मी एक शब्द जरी बोललो असतो, तर तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून एकतर खोटं बोलावं लागलं असतं किंवा खरं बोलून खटला अडचणीत आणावा लागला असता. आणि तुम्ही खोटं बोलला नसतात. कुलपाबद्दल न बोलण्याचे पैसे मालक देत होता, तेही तुम्ही घेतले नव्हते. म्हणून साक्षीच्या तीन आठवडे आधी मी 'वैयक्तिक कारणास्तव' बदलीचा अर्ज दिला. वैयक्तिक कारण कोणतं, असं साहेबांनी विचारलं. मी रक्तदाब सांगितला. ते अगदीच खोटं नव्हतं.

आणि निरोप न घेता निघालो. तुम्ही दळण आणायला गेला होतात, ती वेळ मी मुद्दाम निवडली. एकविसावा अध्याय संपला होता. मावशी अंगणात बाजेवर होत्या. भूकंपापासून त्या छताखाली झोपत नाहीत, तशा त्या कुठल्याच पांघरुणाला फसत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "पोथी अर्धी सोडून चाललास, पुराणिका. बरं न्हाय त्ये." दोन दिवसांनी शिवांजलीकडून तुमचा निरोप आला: "साहेबास्नी म्हनावं, हीर खांदून ठिवली आन् पानी न पाजताच गेलात." मी तो निरोप कुठल्याही फायलीला न जोडता जपून ठेवला. उत्तर दिलं नाही. तुम्हाला राग आला असेल. तो यावा, अशीच व्यवस्था होती. रागावलेला साक्षीदार निःपक्षपाती दिसतो.

तुमच्या साक्षीची नक्कल माझ्याकडं आहे, रीतसर अर्ज करून घेतलेली. शिवांजली सांगते, तुम्ही दोन तास उभ्या होतात आणि पाण्याचा ग्लासही मागितला नाहीत. प्रश्न ठरल्याप्रमाणे आलाच. नकलेत असं आहे: 'सदर पोलीस अधिकाऱ्याशी माझा काही संबंध नाही. त्यांनी पोथी वाचली, मी ऐकली.' पुढचा प्रश्न: मग ते साक्षीआधी अचानक निघून का गेले? 'ते मला माहीत नाही. त्यांनाच विचारावे.' टंकलेखकानं भाषा सुधारलेली आहे, पण मला मूळ ऐकू आलं: 'त्येंनाच इचारा.' समोरच्या वकिलानं मला विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. साक्षीदाराला पुन्हा बोलावतात कधीकधी, म्हणून मी पुढचे सहा महिनेही गप्प राहिलो आणि लोकांच्या चपला शोधत राहिलो. परवा निकाल लागला. काल सरकारी वकिलांना विचारून घेतलं: अपील झालं तरी तुमची साक्ष आता आहे तशीच राहणार, तिला काही धक्का लागत नाही. ते म्हणाले, "जमादार, कायद्याचा भलताच बारीक अभ्यास चाललाय."

तर हे पत्र त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी का गेलो, ते वर आलंच. तुम्ही शपथेवर दिलेलं 'काही संबंध नाही' हे उत्तर त्या तारखेला अक्षरशः खरं होतं; ते तसं ठेवायला मला आयुष्यात केलेल्या सगळ्या बंदोबस्तांहून जास्त कष्ट पडले. आता ते बदलायला कायद्याची हरकत नाही. तुमची आहे का, तेवढं विचारायचं राहिलं होतं. माझ्याकडं अर्पिताची हरकत नाही, उलट ती दारात उभी राहून 'लवकर संपवा' म्हणते आहे. सहा अध्याय उरले आहेत. पौर्णिमेपासून रजा टाकली आहे. आलो तर रोज एक अध्याय वाचीन, निरूपण शक्यतो थोडक्यात. फक्त समाप्तीला एक मेहूण जेवू घालावं लागतं, आणि नवराबायकोचं जोडपं कुठून आणायचं हा प्रश्न मावशी विचारतील. त्यांना म्हणावं, गावात हिंडू नका. पाट दोन मांडा, आणि कुणासाठी ते महानंदाला विचारा.

तुझाच / आपला विश्वासू,
(लागू नसेल ते खोडून पत्र परत पाठवावे)
योगीराज