तुमचा नातू हॉटेलात आहे

आत्याबाई, माझं नाव आठवतं का, का तिथं जाऊन तेही विसरलात? जिवंतपणी मला हाक मारायची तर आधी तिन्ही लेकींची नावं घ्यायच्या, मंग म्हशीचं, आणि मंग माझं. सासू म्हणून तुमचा मान आहेच, पण म्हशीमागं माझा नंबर लावला हे मी विसरले न्हाई. तुम्हाला वाचता येत न्हाई, मला लिहिता येत न्हाई, तरी आपलं पत्र चालू आहे. लिहून घ्यायला माझी सून, तुमच्या नातवाची बायको, बसलीय. मधेच हात थांबवून माझ्या तोंडाकडं बघती. मी म्हणते, बघू नको, लिही.

तुमचा नातू आमदार झाला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तुम्हाला कोण सांगणार? आधी सरपंच झाला, मंग जिल्हा परिषदेत गेला, एकदा आमदारकीला पडला, मंग दोनदा निवडून आला. पडला तवा माझा लेक, निवडून आला तवा तुमचा नातू. हा न्याय तुमचाच. पहिल्या खेपेला जालन्याच्या एमआयडीसीतली पोरं पाळी संपवून तशीच मोटारसायकलीवर प्रचाराला यायची, भट्टीच्या धगीनं तोंडं काळवंडलेली. दारात चपलांचा ढीग. कुणाच्या शिवारातली विजेची डीपी जळालेली, कुणाचं रेशन बंद. हा दात घासत घासत सगळ्यांचं ऐकायचा. पुढं चपला कमी झाल्या आणि बूट आले. बूट दारात निघत न्हाईत, आत्याबाई. आधी बैठकीपर्यंत आले, मंग माजघरात, आणि आता एकजण फोनवर बोलत बोलत पार माझ्या चुलीपर्यंत येतो. मी म्हणलं, "बाबा, भाकर तुमच्या बुटावर थापू का?" तो हसला. मागं सरला न्हाई.

तुम्हाला तो गुळाचा दिवस आठवत असेल. शेजारच्या दोघा भावांचं बांधावरून भांडण लागल्तं, दगड कुणी सरकवला म्हणून. आपलं पोरगं तिथं खेळत होतं, म्हणून दोघंही त्यालाच विचारून राह्यले. त्यानं थोरल्याला गाठून सांगितलं, धाकट्यानं सरकवला. धाकट्याला सांगितलं, थोरल्यानं. दोन्ही घरून गुळाचा खडा घेऊन आलं. मी हसून हसून लोटपोट. तुम्ही हसला न्हाईत. त्याच्या मुठी उघडून गूळ म्हशीपुढं टाकला आणि मलाच बोलल्या, "हसू नको गं. हे पोरगं कुणाच्याच घरचं राहणार न्हाई." मला लई राग आल्ता. म्हणलं, म्हातारीला नातवाची हुशारी बघवंना.

आता ऐका. त्याचा पक्ष फुटलाय. सरकार राहतं का जातं ते थोड्या आमदारांवर येऊन ठेपलंय, म्हणून त्यांना गाडीत बसवून परराज्यातल्या मोठ्या हॉटेलात नेऊन ठेवलंय. डालग्याखाली कोंबड्या डालाव्या, तसं. फोन काढून घेतलेत. टीव्हीवर नुसतं फाटक दिसतं, बाहेर पोलीस आणि आत नारळाची झाडं. एकदाच कुणाच्या तरी फोनवरून बोलला. एरवी त्याचं पहिलं बोलणं, "काय केलंय खायला?" त्या दिवशी म्हणला, "आई, तब्येत सांभाळा. इथं सर्व व्यवस्थित आहे." मला अहो-जाहो! मागं कुणीतरी खाकरलं आणि फोन बंद. इकडं तीर्थपुरीच्या रस्त्याला त्याचा बोर्ड होता, त्याच्या तोंडाला काळं फासलंय. गावातली माणसं आमच्या दारावरून जाताना बोलणं बंद करतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज तो चुलीपर्यंत येणारा बुटवाला आला. माझ्या लेकाच्या बीपीच्या गोळ्या पाहिजेत म्हणला, घरचं काही खायला द्यायचं तर उद्या घेऊन जातो म्हणला. पाणी पुढं केलं तर घेतलं न्हाई. मंग व्हिडिओ काढायला फोन माझ्यापुढं धरला.

"आजी, एवढंच बोला. माझा मुलगा स्वखुशीनं गेलाय, आम्ही त्याच्या पाठीशी आहोत."

"दात न्हाईत रे बाबा. नुसतं फू फू होतं."

"चालतंय आजी. तसंच खरं वाटतं."

"आणि न्हाई बोलले तर?"

त्यानं फोन खिशात घातला आणि सुनेला विचारलं, अगदी घरच्यासारखं, "वहिनी, तुमचा धाकटा अजून मंठ्याच्याच गाडीनं कॉलेजला जातो ना? एकटाच?" मंग म्हणला, उद्या सकाळी येतो, आणि गेला. सून दाराची कडी लावून तिथंच उभी राह्यली.

आता तुम्हाला म्हणून सांगते. ते वाक्य खोटं असतं तर मी कवाच बोलून मोकळी झाले असते. राजकारणात खोटं बोलायला काय लागतं? पण ते खरं आहे, आत्याबाई. त्याला कुणी उचलून नेलं न्हाई. आदल्या दिवशीच त्यानं नवे कपडे इस्त्रीला काढले होते. जाताना शीळ घालत होता. टीव्हीवाले "पळवलं, पळवलं" म्हणतात तवा मला बरं वाटतं.

सुनेचा हात थांबलाय. इस्त्री तिनंच केल्ती.

"आई, हे पण लिहू?"

लिही.

उद्या मी बोलणार आहे. धाकट्या नातवाला रोज त्याच रस्त्यानं जायचंय. हे पत्र कुठं टाकायचं न्हाई आणि कुणाला वाचून दाखवायचं न्हाई, माझ्या लेकाला तर बिलकुल न्हाई. आणि सूनबाई, त्या माणसाजवळ लाडू, दशम्या, टिकणारं काही देऊ नको. सकाळी पातळ पिठलं कर, गरम गरम डब्यात भर आणि झाकण घट्ट लाव. हॉटेलात पोचेपर्यंत विटेल. विटू दे. माझ्या लेकानं स्वतःच्या हातानं उघडावं आणि वास घ्यावा.