सेकंदाला पन्नास

॥ श्री ॥
येडशी
१९ नोव्हेंबर २०२४

चि. शंतनूस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आणि श्रिया पुण्यात सुखरूप असाल. फोन असताना हा म्हातारा पत्र का लिहितोय म्हणून हसू नकोस. फोन वाजला की तुझी आई आधी स्पीकर लावायला लावते, आणि हे तिच्या कानावर जायला नको. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. मी निवृत्त झालो तरी शिपाई माणिकप्पा अजून माझा शब्द पाळतो, तो आणून देईल.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचा उजवा हात सुधारत होता. दिवाळीत तू जुन्या कॉम्प्युटरवर उत्कर्षचा तो कंदीलवाल्या पोराचा गेम बसवून दिलास, ते फिजिओथेरपीच्या बाईंनाही पटलं. बटणं दाबण्यासारखा बोटांना दुसरा व्यायाम नाही म्हणाल्या. चार दिवस आई हौसेनं बसली. आता गेमचा रिमोट बाजूला सारते. म्हणते, हा आपल्या उत्कर्षचा गेम न्हाय, ह्यातलं पोरगं पळतंय, गाणं पळतंय, कुणी मागं लागल्यागत. मी सांगितलं की चित्र तेच आहे, चालही तीच आहे. पण ऐकेल तर शपथ.

तुझा दादा उत्कर्ष जाऊन वीस वर्षं झाली. तो खेळायचा तेव्हा ही स्वयंपाकघरात असायची, पडद्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. हिला वेग काय कळणार? मला हाताची नाही, डोक्याची काळजी लागली आहे. डॉक्टरांना दाखवावं का, तेवढं कळव.

तुझा,
बाबा

पुणे
२६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस, शंतनूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आईचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. डॉक्टर राहू द्या. घोळ माझाच आहे.

कॉम्प्युटरवर टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमयंत्राचं सोंग घेणारा एक प्रोग्राम असतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. मी टाकला तो मुळात सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, कारण जिथं हे गेम तयार झाले तिथले टीव्ही तसे होते. आपल्याकडच्या टीव्हीवर दादाचा गेम सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायचा. गेमला घड्याळ कळत नाही. एक चित्र झालं की पोराचं एवढं पाऊल, गाण्याचा एवढा तुकडा, इतकंच त्याला ठाऊक. त्यामुळे साठावर पोरगंही भरभर आणि गाणंही भरभर. सूर बदलत नाही, म्हणून तुम्हाला चाल तीच वाटली. आईला फरक कळला, कारण ती पाहत नव्हती, नुसती ऐकत होती.

उपाय सोपा आहे. वरच्या पट्टीत वेगाचा रकाना आहे, त्यात साठ खोडून पन्नास लिहा. आयुष्यभर पोरांना भूमिती शिकवलेल्या मास्तरांना एक आकडा बदलायला जमेल असा माझा अंदाज आहे. नाहीच जमलं तर माणिकप्पाला विचारा.

श्रियाचा नमस्कार. तुमची माया अशीच असू द्या.

शंतनू

येडशी
९ डिसेंबर २०२४

चि. शंतनूस, आशीर्वाद. वि. वि.

आकडा बदलता आला. बदलला नसता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दुपारी आई आत मेथी निवडत होती. मी पन्नास लिहिलं आणि चालतंय का बघावं म्हणून गेम लावला. गाणं सुरू झालं. आतून आईची हाक आली, उत्कर्ष, पान वाढलंय, बंद कर आता. आवाज आजचा नव्हता रे. वीस वर्षांपूर्वी ती जशी ओरडायची, तसाच ठसक्यात. मग दारापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

त्या दिवसापासून जेवायच्या आधी गेम लावलेला असतो. खेळत कुणी नाही. गुहेत ते पोरगं कंदील धरून उभं राहतं आणि गाणं वाजत राहतं. तिसरं ताट मांडलेलं असतं. त्यात गरम भाकरी वाढली जाते आणि ती तशीच गार होते. काल मला वाटलं की पडद्यावरचं पोरगं एक पाऊल पुढं सरकलं. रिमोट तर खुर्चीवर पडला होता. परवा माझ्याही तोंडून गेलं, आवाज कमी कर रे. म्हणालो आणि कमी होण्याची वाट पाहत बसलो.

आई रिमोटला हात लावत नाही. फिजिओथेरपीच्या बाई रागावल्या. बोटं पुन्हा आखडायला लागली आहेत, असंच चाललं तर हात कायमचा जाईल म्हणाल्या. पुन्हा साठ करू का? हा उत्कर्ष नव्हे हे तिला कळलं, तर ती भानावर येईल. पण एकदम केलं तर ती कोसळेल, अशी भीती वाटते. काय ते लवकर लिही.

बाबा

पुणे
१६ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस, शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इथं तोच गेम पन्नासावर लावून पाहिला. श्रिया खोलीत आली तेव्हा मी फरशीवर डावीकडे सरकून बसलो होतो, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. तिनं विचारलं, कोण यायचंय? आम्ही आळीपाळीनं खेळायचो. मी नऊ वर्षांचा होतो, आणि दादा हरला की माझी पाळी यायची. मी त्याच्या हरण्याची वाट बघत होतो, बाबा. भीती वाटून मी मशीन बंद केलं.

एकदम साठ करू नका. दर सोमवारी आकडा एकानं वाढवा. येत्या सोमवारी एक्कावन्न, पुढच्या सोमवारी बावन्न. एवढा फरक कानाला कळत नाही. फेब्रुवारीअखेर साठावर पोचाल आणि आईला पत्ताही लागणार नाही. लिहिताना मला बरं वाटत नाही. दादाला घरातून थोडं थोडं ढकलतोय असं वाटतं. पण तिचा हात आपल्याला वाचवायचा आहे.

आईला एवढ्यात काही सांगू नका. लोभ आहेच, तो ठेवा.

शंतनू

येडशी
२७ फेब्रुवारी २०२५

चि. शंतनूस, आशीर्वाद. वि. वि.

काम फत्ते झालं. तू सांगितल्याप्रमाणे दर सोमवारी एकेक करत साठ पूर्ण केले. आईला काही कळलं नाही. जानेवारीपासून ती रिमोट हातात घेते आहे. बोटं मिटतात, परवा तर भाकरी थापली. तिसरं ताट बंद झालं. आता काळजी करू नकोस, सुट्टी काढून येण्याचीही घाई नको.

श्रियाला आशीर्वाद.

बाबा

येडशी
६ मार्च २०२५

चि. शंतनूस, आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे. तेव्हा नावं ठेवायची नाहीत.

तुम्हा बापलेकांचा कारभार मला पहिल्यापासून ठाऊक आहे. माणिकप्पा पत्र देण्याआधी माझ्याकडे चहा घेतो, आणि तुझे बाबा पत्र ठेवतात पंचांगात, जणू पंचांग मी उघडतच नाही. काही झाकायचं म्हटलं की त्यांचे कान लाल होतात, हे त्यांच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं.

त्या दुपारी हाक गेली ती सवयीनं गेली, हे खरं. पण दारात येऊन पाहिलं तर ते पडद्यासमोर बसलेले आणि डोळे भरलेले. दादाच्या मागं मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग गेम बंद करा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? त्यांच्यासमोर रिमोट मी उचलला नाही, कारण मी खेळायला लागले की ते उठून जायचे. आणि तिसरं ताट मी मांडत नव्हते रे. ते मांडत होते. मी नुसती भाकरी वाढायची, रिकाम्या ताटासमोर त्यांना बसवणं मला जमलं नाही म्हणून.

ते शेवटचं पत्र पेटीत टाकायच्या आधी मी वाचलं. साठ झालं असं त्यांनी तुला कळवलं, ते खोटं आहे. ते चोपन्नावर थांबले. दर सोमवारी आकडा वाढवायला बसायचे आणि तसेच उठायचे. ताटही बंद झालं नव्हतं. माझा हात सुधारला एवढंच त्यात खरं आहे, कारण ते वाचनालयात गेले की मी खेळत होते. हात जाऊ देऊन मला कसं चाललं असतं? त्यांचं सगळं मलाच बघायचं आहे.

परवा ते बाजारातून यायच्या आत मी साठचा आकडा लिहिला आणि गेम लावला. ते आले, पिशवी ठेवली, थोडा वेळ ऐकलं. हा उत्कर्षचा न्हाय म्हणाले. मी सांगितलं, व्हय, न्हाय. उत्कर्ष न्हायच हितं.

तुला आठवतं की नाही कोण जाणे. दादाचा ताप डोक्यात गेला त्या दिवशी ते परंड्याकडे, सोनारीच्या मतदान केंद्रावर इलेक्शन ड्यूटीला होते. निरोप पोचून ते आले तोवर सगळं आटोपलं होतं. आल्यावर त्यांनी रीतीनं जे करायचं ते सगळं केलं, पण तो कसा गेला हे मला एका शब्दानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. परवा विचारलं. शेवटी त्यानं मला हाक मारली का, म्हणाले.

व्हय म्हणावं असं फार मनात आलं. पण व्हय म्हटलं असतं तर त्या हाकेला ओ द्यायला ते उद्या पुन्हा पन्नास करून बसले असते. म्हणून खरं तेच सांगितलं. तुमचं नाव घेतलं न्हाय, माझंबी न्हाय. पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं. दोन चमचे गिळले त्यानं.

खूप वेळ रडले. मग विचारलं, पाणी गार होतं का. मी म्हटलं, माठातलं होतं.

होळीला दोघं या. आहात तसे एकमेकांना धरून राहा, आम्हाला दुसरं काही नको.

तुझी आई