तलवारीच्या फडक्यातली छत्री

पंचवटी, नाशिक
आश्विन वद्य चतुर्थी, शके १९२१
(तुमच्या ट्रान्सपोर्टच्या कॅलेंडरात २८ ऑक्टोबर १९९९.)

चि. कारभारी,

आशीर्वाद. रागामुळे घ्यायचे नसतील तर डॅशबोर्डवर ठेव. आशीर्वाद नासत नाहीत.

घरी सर्व क्षेम. शुभांगी तुला रोज डबा पाठवते आणि तो चाटूनपुसून परत येतो. त्यावरून तुझा राग अजून पोटापर्यंत उतरलेला नाही, असं तुझ्या या बायकोचं निदान आहे. पंचवटीपासून तुझा आडगाव नाका सायकलवर घाम यायच्या आत येतो, तरी दोन सख्खे भाऊ एका गावात राहून पत्रव्यवहार करताहेत. तू घर सोडून ट्रकमध्ये झोपतोस, मी घरात असून झोपत नाही. टपालखर्च वाचवायला हे पत्र तुझ्या जोडीच्या चालकाच्या, सहादूच्या हाती देतो आहे.

त्यानेच काल सगळं सांगितलं. सांगताना इतका हसत होता की चहा नाकातून आला. धुळ्याच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या थांबवल्या, सीटा उपसल्या. तुझ्या सीटखालून लाल फडकं निघालं. तू म्हणे डोळे मिटून घेतलेस. हवालदाराने गाठ सोडली, तर आत माझी काळी छत्री! मुठीला हळदकुंकू, काडीला झेंडूची माळ.

"काय रे, छत्रीची पूजा करता का तुमच्यात?"

"साहेब, आमच्या दादाला विचारा. तो संस्कृत शिकवतो."

हे उत्तर मला फार आवडलं. मागून सहादूची पाळी आली. त्याच्याकडे गुप्ती सापडली. परवाना विचारल्यावर गड्याने ड्रायव्हिंगचं लायसन पुढे केलं, तेही मुदत संपलेलं! त्याच्यावर गुन्हा नोंदला, गाडी नाक्यावर अडकली आणि पिंपळगावच्या टोमॅटोंचं तिथेच सार झालं.

तुझा निरोपही त्याने तुझ्याच आवाजात दिला. "दादाला म्हणावं, घाटात दरोडेखोर आले तर छत्री उघडून त्यांना सावली धरू का? दिवाळीला येत नाही मी." प्रश्न बिनतोड आहे. त्याकडे येतोच, आधी मोठी बातमी.

काल तुमच्या मालकाने चालकांची सभा घेतली. तू रुसून गाडीतच बसलास, म्हणून मी गेलो. विषय एकच: चालकाने गाडीत शस्त्र ठेवावं की नाही. धोंडीराम म्हणाला, "घाटात आम्हाला लुटतात, तवा पोलीस कुठं असत्यात? तलवार नाय ठेवायची तर मग काय, भजन म्हणायचं?" मालक म्हणाले, "कायदा कायदा आहे. शस्त्र सापडलं तर ज्याचं त्याने निस्तरायचं." दोघांचंही बरोबर होतं, म्हणून आरडाओरडा फार झाला.

मग मी उभा राहिलो. (सुभाषित म्हटलं नाही. घाबरू नकोस.) मी विचारलं, "शेठ, पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असायचा. त्याचा पगार वाचवायला तुम्ही तो काढलात आणि एकटा माणूस घाटात सोडलात. तलवारीचं राहू द्या, दुसरा माणूस द्या." टाळ्या पडल्या रे! माझ्या वर्गात आजवर एकदाही पडलेल्या नाहीत. मालक चिडून म्हणाले, "माणूस कुठून आणू, गुरुजी? तुम्ही येता का?"

मी हो म्हणालो.

आता छत्री.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. खंडेनवमीला गाडीपुढे जॅक, पाने, चाकं खोलायची टॉमी मांडायची. पूजेत बसलेली वस्तू दसऱ्याला सकाळी घरातल्या वडीलधाऱ्यानेच उचलून जागच्या जागी ठेवायची. तोवर चालकाने हात लावायचा नाही. यंदा तू तलवारही मांडलीस. गेल्या वर्षी घाटात तुझं डोकं फुटल्यावर घेतलेली. आणि माझ्यावर सोपवून सोनं वाटायला गेलास. मी जॅक ठेवला, टॉमी ठेवली. तलवार म्यानातून थोडी काढून पाहिली. तू तिला धार लावून आणली होतीस. मी ती कपाटात शब्दकोशांच्या मागे ठेवली, तिच्यावरचं हळदकुंकू आणि माळ छत्रीला चढवली आणि तिच्या फडक्यात छत्री गुंडाळून तुझ्या सीटखाली सरकवली.

कायद्याची आठवण झाली म्हणून, असं मी शुभांगीला सांगितलं. खोटं आहे. वाटेत तपासणी होणार हे मला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. लुटला गेलास तर तू परत येशील. ते पातं बाहेर काढलंस तर तू किंवा समोरचा, कुणीतरी एक येणार नाही, एवढंच मला दिसत होतं. पण हे तुला तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून तुला न विचारता मी तुला त्याच घाटात रिकाम्या हाताने पाठवलं. तू इंदूरला पोचल्याचा फोन येईपर्यंत मी वर्गात एकच श्लोक शिकवत होतो. मुलांनी तक्रार केली नाही. त्यांना तो पाठ झाला.

तलवार तुझी आहे. तिचं काय करायचं ते तू सांग, फक्त गाडीत ठेव म्हणू नकोस.

शनिवारी शाळेला सुट्टी लागते. काल धोंडीरामकडून चाक खोलायला शिकलो. अंगठा सुजला आहे पण चाक निघालं! शुभांगीने माझ्या धोतराला गाडीत बंदी घातली, म्हणून पन्नाशीत पहिली पँट शिवायला टाकली आहे. जाऊन-येऊन लक्ष्मीपूजनाला दोघेही घरी पोचतो. मालकांची एकच अट: चालक तयार हवा.

सोमवारी तू माल भरून निघशील तेव्हा वळकटी घेऊन आडगाव नाक्यावर येतो. धोंडीराम सांगत होता, तुझ्या गाडीच्या क्लीनरकडच्या दाराची कडी बाहेरून चालत नाही, आतूनच काढावी लागते. मी दार वाजवणार नाही. तू तशीच गाडी काढलीस तर समजून घेईन आणि चालत घरी जाईन.

डाव्या दारापाशी उभा असलेला,
तुझा दादा
जयराम