बाबांची गेलेली भूक

आई, बाबांनी जेवण सोडलं ते तुझ्यामुळे नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण तू गेलीस तेव्हाही तुझ्या मनात तेच होतं.

जबलपूरला रांझीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा कारखान्यातून सायकलने येतात, हातपाय धुऊन पाटावर बसतात आणि दोन घास खाऊन ताट सरकवतात. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून फुफ्फुसात गाठ असल्याचं सांगितलं होतं, ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. ते तू निमूट ऐकून घेतलंस. पण ताट तसंच परत येणं तुला सोसवेना. तू त्यांच्या आवडीचा पाटवडीचा रस्सा केलास, आधी झणझणीत, मग बिनतिखटाचा. शेजारणीला विचारून त्यांच्याकडची कढी केलीस. एका दुपारी त्यांनी ताट ढकललं आणि रस्सा जमिनीवर सांडला. "नाही उतरून राहिलं घशाखाली. काहून मागे लागते माझ्या?" एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून निजले. जमीन पुसता पुसता तू मला म्हणालीस, "माझ्या हाताची चवच गेली, पोरी." त्यांचा शर्ट त्यांच्या अंगावर दिवसेंदिवस मोठा होत गेला. ते गेल्यावरही कितीतरी वर्षं तू भाजी उतरवण्याआधी चमचा माझ्यापुढे धरायचीस. "मीठ बघ बरं." मीठ नेहमी बरोबर असायचं.

आता मी इथेच, जबलपुरात, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं रक्त तपासते. शरीरातल्या संरक्षक पेशी एकमेकींना निरोप द्यायला काही प्रथिनं सोडतात. त्यातल्या एकाचं नाव इंटरल्यूकिन-सहा. अंगात अशी गाठ असली की कित्येकदा हे निरोप थांबतच नाहीत. ते प्रथिन रक्तात वाढत जातं, भूक मारतं, अंगावरचं मांस झिजवतं. बाबांचं रक्त कुणी असं तपासलं नव्हतं, पण त्यांचे ते महिने आठवले की मला दुसरं कारण सुचत नाही. कुणीही रांधलं असतं तरी ताट परतच आलं असतं.

हे तुला सांगायचं राहून गेलं म्हणून मी फार हळहळले. पण आज चेरीतालहून एक बाई आली होती. नवरा बाहेर बाकावर बसला होता, तिच्या हातात न उघडलेला डबा. "दीदी, मेरे हाथ का अब कुछ खाते ही नहीं. कहीं मुझसे नाराज़ तो नहीं हैं?"

मी तिला जवळ बसवलं आणि तुला सांगायचं होतं ते सगळं तिला सांगितलं. तिचा चेहरा सैल झाला. मग तिने विचारलं, "तो इनका वो बढ़ा हुआ है?"

"हाँ."

"बढ़ा रहे तो क्या होता है?"

एकट्या या तपासणीवरून कुणाचं आयुष्य सांगता येत नाही, असं मी म्हणाले. ते खरं आहे. पण ज्यांच्या रक्तात ते चढं राहतं, त्यांच्यातले बरेच जण लवकर जातात, हेही खरं आहे. ते मी बोलले नाही, तरी तिने माझ्या तोंडावर वाचलं. ती डबा घेऊन उठली. मग म्हणाली, "इससे तो अच्छा था, नाराज़ ही होते." आणि बाहेर जाऊन नवऱ्याच्या शेजारी बसली.

आई, हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिता येतंय. बाबा असताना मला हे ठाऊक असतं, तर तुला सांगितलं असतं का, याचा विचार मी दुपारपासून करून राहिली आहे. बहुतेक नसतं सांगितलं.